मूल्ये आणि शिक्षकगट : हवाई बेटांतील मिडल स्कूल

प्रशांत महासागराच्या मध्यावर पसरलेल्या हवाई बेटांचे नाव निघाले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारे, ज्वालामुखी आणि फुलांचे हार उभे राहतात. ‘अलोहा’ हा तेथील शब्दही पर्यटनाच्या जाहिरातींमुळे जगभर पोचला आहे. प्रेम, आपुलकी, दया, स्वागत, निरोप असे अनेक अर्थ या एका शब्दात सामावलेले आहेत; जाहिरातीत मात्र त्यांपैकी स्वागताचा तेवढा उरतो. शाळेत या शब्दाला निराळ्याच कसोटीला उतरावे लागते. बारा-तेरा वर्षांची शंभर-सव्वाशे मुले आणि त्यांना शिकवणारे चार-पाच शिक्षक यांना वर्षभर एकमेकांच्या सहवासात काढावयाचे असते. काम कसे वाटून घ्यावे, कोणी कोणाला जबाबदार असावे, चूक झाली तर ती कशी निस्तरावी, हे प्रश्न तेथे रोज उभे राहतात. त्यांची उत्तरे हवाईच्या परंपरागत मूल्यांत शोधण्याचा प्रयत्न गेल्या काही दशकांत तेथील अनेक शिक्षकांनी केला आहे. त्या प्रयत्नाची मुळे, त्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार येथे करावयाचा आहे.

शाळेने गमावलेली भाषा

या मूल्यांना शाळेत पुन्हा स्थान द्यावे लागले, याचे कारण एकेकाळी त्यांना शाळेबाहेर घालवण्यात आले होते. १८२० साली अमेरिकन मिशनरी हवाईत आले. १८२२ साली हवाई भाषेतील पहिली छपाई झाली आणि त्यानंतर साक्षरतेचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. १८३१ साली माउई बेटावर लाहाइनालुना ही शाळा स्थापन झाली. राजा तिसरा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत, १८४० साली, सार्वजनिक शिक्षणाची व्यवस्था कायद्याने अस्तित्वात आली. या शाळांतील शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने हवाई भाषा हेच होते. वृत्तपत्रे, कायदे, पत्रव्यवहार, इतिहास या सर्वांसाठी ती भाषा समर्थ ठरली होती.

१८९३ साली राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले. नव्या राजवटीने १८९६ साली कायदा करून सर्व शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले, आणि थोड्याच वर्षांत हवाई माध्यमाच्या शाळा नाहीशा झाल्या. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी वृद्ध पिढीने पुढे अनेक वर्षे सांगितल्या. १८९८ साली अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्यात सामील करून घेतली आणि १९५९ साली हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. तोपर्यंत घरातील आजी-आजोबांची भाषा आणि नातवंडांची भाषा यांत मोठे अंतर पडले होते.

१९७० नंतरच्या दशकात सांस्कृतिक पुनरुज्जीवनाची लाट आली. १९७८ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हवाई भाषेला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याचबरोबर हवाईची संस्कृती, इतिहास आणि भाषा यांचे शिक्षण सार्वजनिक शाळांत देण्याची जबाबदारी राज्यावर आली. या तरतुदीमुळे ‘कुपुना’, म्हणजे ज्ञानवृद्ध आजी-आजोबा, वर्गात येऊन शिकवू लागले. १९८४ साली काउआई बेटावर हवाई माध्यमाची पहिली बालवाडी सुरू झाली आणि १९८७ साली सार्वजनिक प्राथमिक शाळांत हवाई माध्यमाचे वर्ग उघडले. तथापि बहुसंख्य मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांतच जात राहिली. त्या शाळांतून संपूर्ण भाषा देणे शक्य नसले, तरी तिच्यातील मूल्यवाचक शब्द आणि त्यांमागील आचार देता येतील काय, असा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहिला.

मिडल स्कूलची कल्पना

अमेरिकेत साधारणपणे सहावी ते आठवी या इयत्तांच्या शाळेला मिडल स्कूल म्हणतात. आपल्याकडील उच्च प्राथमिक टप्प्याशी ती बरीचशी जुळते. पूर्वी या वयाच्या मुलांसाठी असलेल्या शाळा हायस्कूलच्या लहान प्रतिकृतीच असत. दर तासाला शिक्षक बदले, विषय बदले, आणि दिवसभरात सहा-सात शिक्षक भेटूनही मुलाला पुरते ओळखणारा एकही नसे. १९६३ च्या सुमारास शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी या वयोगटासाठी वेगळ्या प्रकारच्या शाळेची कल्पना मांडली. पुढे १९८९ साली कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मोठ्या शाळेचे लहान लहान समुदायांत विभाजन करावे, आणि प्रत्येक समुदायाची जबाबदारी शिक्षकांच्या एका गटाकडे द्यावी, अशी शिफारस केली.

अशा गटात भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे शिक्षक असतात. ते सर्वजण त्याच शंभर-सव्वाशे मुलांना शिकवतात आणि त्यांच्या वेळापत्रकात एकत्र बसून योजना आखण्यासाठी राखीव तास असतो. ही झाली रचना. पण रचना केल्याने गट होतोच असे नाही. राखीव तासात प्रत्येक जण आपापल्या वह्या तपासत बसू शकतो. किंवा सर्वजण मिळून एखाद्या मुलाविषयी केवळ तक्रारी करू शकतात. गटाला एकत्र ठेवणारे सूत्र कोणते, हा खरा प्रश्न होय. हवाईतील काही शिक्षकांनी ते सूत्र आपल्या बेटांच्या परंपरेतून घेतले.

शब्दांतील अर्थ

हवाई भाषेत मूल्याला ‘वाइवाइ’ म्हणतात. ‘वाइ’ म्हणजे गोडे पाणी. खाऱ्या समुद्राने वेढलेल्या बेटावर ज्याच्याजवळ गोडे पाणी विपुल तो संपन्न, म्हणून संपत्ती आणि मोल या दोन्हींसाठी हाच शब्द रूढ झाला. शिक्षकाला ‘कुमू’ म्हणतात; झाडाचा बुंधा आणि उगमस्थान असेही या शब्दाचे अर्थ आहेत. ‘आओ’ या एकाच क्रियापदाने शिकणे आणि शिकवणे या दोन्ही क्रिया दाखवल्या जातात. ज्ञान वक्त्याकडे येते की त्याच्याकडून जाते, एवढाच दिशेचा भेद शेजारच्या अव्ययाने स्पष्ट होतो. शिकवणाऱ्याने शिकणे थांबवले तर भाषेच्या दृष्टीनेच ती क्रिया अपुरी राहते, असे या शब्दाचा आधार घेऊन तेथील शिक्षक सांगतात.

शिक्षकगटाच्या कामात काही शब्द वारंवार येतात. ‘लाउलिमा’ म्हणजे सहकार्य; ‘लाउ’ म्हणजे पुष्कळ आणि ‘लिमा’ म्हणजे हात. ‘मालामा’ म्हणजे जपणे, निगा राखणे. ‘लोकाही’ म्हणजे ऐक्य, मेळ. त्यात माणसाचा माणसाशी, निसर्गाशी आणि दैवी शक्तींशी असलेला मेळ अभिप्रेत असतो. ‘पोनो’ म्हणजे उचित, यथायोग्य. ‘हाआहाआ’ म्हणजे विनम्रता. ‘ओहाना’ म्हणजे विस्तृत अर्थाने कुटुंब. हा शब्द ‘ओहा’ या शब्दापासून बनला आहे, आणि ओहा म्हणजे कालोच्या गड्ड्याला फुटलेले कोंब. कालो ही वनस्पती म्हणजे आपल्या परिचयाचे अळूच होय. हवाईत तिचा गड्डा कुटून पोई हे मुख्य अन्न तयार करीत. एका गड्ड्याला अनेक कोंब फुटावेत तसे कुटुंब, ही कल्पना त्यामागे आहे.

या सर्वांत शिक्षकगटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘कुलेआना’ हा होय. त्याचा अर्थ हक्क असाही होतो आणि जबाबदारी असाही. १८५० साली ज्या कायद्याने सामान्य कुळांना ते कसत असलेल्या जमिनीच्या तुकड्यावर मालकी मिळू शकली, तो कायदा आणि ते तुकडे कुलेआना याच नावाने ओळखले जातात. एखाद्या गोष्टीवर अधिकार सांगावयाचा तर तिची निगाही राखली पाहिजे, आणि जिची निगा राखली तिच्याविषयी बोलण्याचा अधिकारही प्राप्त होतो, असा दुहेरी बोध या एका शब्दात आहे. शिक्षकाला हा शब्द विचारतो, की या मुलाविषयी मत देण्यापूर्वी त्याच्यासाठी आपण काय केले? विद्यार्थ्यालाही तो तोच प्रश्न आपल्या वर्गाविषयी विचारतो.

पाण्याचे वाटप

मूल्यांचे तक्ते भिंतीवर लावणे सोपे असते. ती अभ्यासक्रमात उतरवण्यासाठी एखादे प्रत्यक्ष काम लागते. कामातूनच ज्ञान येते, अशा अर्थाची म्हण हवाईत सुप्रसिद्ध आहे. ओलिताखालील अळूचे खाचर, म्हणजे ‘लोई’, हे अशा कामाचे उत्तम उदाहरण होय, आणि शाळांच्या सहली अशा खाचरांवर नेहमी जात असतात.

जुन्या हवाईत जमिनीची विभागणी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरणाऱ्या पट्ट्यांत केलेली असे. अशा पट्ट्याला ‘आहुपुआआ’ म्हणत. ओढ्याचे पाणी ‘आउवाइ’ नावाच्या पाटाने खाचरांत आणले जाई, एका खाचरातून दुसऱ्यात उतरे आणि शेवटी पुन्हा ओढ्याला मिळे. पाटाच्या बांधणीत आणि दुरुस्तीत ज्याने जितके श्रम दिले, त्या प्रमाणात त्याला पाण्याचा वाटा मिळे. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवले तर खालच्याचे पीक वाळे. म्हणून पाण्यावर देखरेख ठेवणारा माणूस नेमलेला असे.

शिक्षकगटाने हा विषय हाती घेतला, की प्रत्येक विषयाला त्यात स्वाभाविक स्थान मिळते. पाटाच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्यावर सोडलेली काडी ठरावीक अंतर किती वेळात कापते यांवरून गणिताच्या तासाला प्रवाहाचे मान काढता येते. श्रमाच्या प्रमाणात पाणी वाटणे हे तर गुणोत्तराचे उदाहरणच आहे. खाचरात पाणी साचून तापले तर गड्डे कुजतात, वाहते आणि थंड राहिले तर पीक निरोगी वाढते, याची कारणे विज्ञानाचा शिक्षक शोधावयास लावतो. भाषेच्या तासाला हालोआची कथा येते. तीत आकाशपिता वाकेआ याचे पहिले मूल मृत जन्मते. त्याला पुरले त्या जागी अळूचे पहिले झाड उगवते. त्यानंतर जन्मलेल्या दुसऱ्या मुलाला त्याचेच नाव मिळते आणि तो मानववंशाचा पूर्वज ठरतो. अळू हा अशा रीतीने माणसाचा थोरला भाऊ होय. थोरल्याने धाकट्याला पोसावे आणि धाकट्याने थोरल्याची सेवा करावी, हे नाते मुलांना व्याख्येवाचून कळते.

सामाजिक शास्त्रांच्या तासाला हीच गोष्ट संघर्षाच्या रूपाने पुढे येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उसाच्या मळ्यांसाठी मोठे कालवे खणले गेले आणि ओढ्यांचे पाणी दुसरीकडे वळवण्यात आले. ओआहू बेटावरील वाइआहोले कालवा १९१६ साली पूर्ण झाला. ऊस मागे पडल्यावर या पाण्यावर हक्क कोणाचा, याविषयी दीर्घ वाद झाला, आणि २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही लोकांसाठी सांभाळावयाची सार्वजनिक ठेव आहे हे तत्त्व ठामपणे मांडले. मालामा आणि कुलेआना हे शब्द न्यायालयापर्यंत कसे पोचतात, हे मुलांना येथे दिसते.

या पाठाचा एक परिणाम शिक्षकांवरही होतो. चार विषयांचे तास हे चार खाचरांसारखे असतात. गणिताच्या शिक्षकाने चाचणीसाठी जास्त वेळ घेतला, तर खालच्या खाचरात पाणी कमी पोचणार हे उघड आहे. गटाच्या बैठकीत वेळेच्या वाटपाविषयी बोलताना पाटाची ही उपमा उपयोगी पडते, कारण ती कोणालाही दोष न देता सर्वांना एकाच प्रवाहावर आणून ठेवते.

घरातील मूल आणि शाळेतील मूल

मूल्यांचा आग्रह धरण्यामागे केवळ परंपरेचा अभिमान नाही. त्याला अनुभवाचा आधारही आहे. १९७० नंतरच्या काळात रोनल्ड गॅलिमोर, कॅथी जॉर्डन आदी संशोधकांनी हवाई कुटुंबांतील मुलांचा बारकाईने अभ्यास केला. शाळेत ही मुले निरुत्साही आणि लक्ष न देणारी मानली जात. घरी मात्र तीच मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, स्वयंपाकाला हातभार लावत आणि वडीलधाऱ्यांनी वारंवार न सांगता आपापसांत कामे वाटून घेत. मदत हवी असली तर ती मोठ्यांकडे न जाता बरोबरीच्या मुलांकडे जात. शाळा नेमकी याच सवयीला कॉपी करणे किंवा गप्पा मारणे असे नाव देत होती.

कामेहामेहा संस्थेच्या प्रारंभिक शिक्षण प्रकल्पात या निष्कर्षांचा उपयोग करण्यात आला. मुलांना लहान गटांत, एकमेकांच्या मदतीने काम करू दिले. वाचनाच्या पाठात एकाने बोलून संपल्यावरच दुसऱ्याने बोलावे हा दंडक शिथिल केला, कारण हवाईतील गोष्टी रंगवण्याच्या पद्धतीत अनेक जण मिळून, एकमेकांच्या बोलण्यात भर घालीत कथा पुढे नेतात. कॅथरिन आऊ यांनी या पाठांचे सूक्ष्म विश्लेषण केले. अशा रीतीने शिकवल्यावर मुलांचा सहभाग आणि वाचनातील प्रगती स्पष्टपणे वाढली.

हा प्रकल्प लहान मुलांसाठी होता. परंतु त्याचा धडा मिडल स्कूललाही तितकाच लागू पडतो. समजा, सातवीतील एखादी मुलगी तीन विषयांचा गृहपाठ आणत नाही. तीन शिक्षक स्वतंत्रपणे तिच्या नावापुढे आळशी असा शेरा लिहितील. तेच तिघे एकत्र बसले आणि त्यांच्यापैकी एकजण तिच्या घरी जाऊन आलेला असला, तर संध्याकाळी दोन भावंडांचा भार तिच्यावर आहे हे कळेल. तिच्याजवळ कुलेआना आहेच. शाळेने ते अद्याप ओळखलेले नाही. अशा वेळी गृहपाठासाठी शाळेतच वेळ देणे, किंवा लहान इयत्तेतील मुलांना वाचून दाखवण्याचे काम तिच्यावर सोपवणे, असे मार्ग सुचतात. एकट्या शिक्षकाला ते सुचणे कठीण असते.

गुंता सोडवणे

गट म्हटला की मतभेद आलेच. हवाई परंपरेत यासाठी ‘होओपोनोपोनो’ ही पद्धत होती. पोनो करणे, म्हणजे बिघडलेले पुन्हा योग्य स्थितीला आणणे, असा त्याचा अर्थ आहे. मेरी कावेना पुकुई आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन आढळते. कुटुंबातील ज्येष्ठ किंवा सर्वांचा विश्वास असलेली व्यक्ती मध्यस्थ होते. प्रार्थनेने सुरुवात करून प्रश्न मांडला जातो. एका अपराधातून राग, रागातून उलट अपराध, अशी जी गुंतागुंत होते तिला ‘हिहिया’ म्हणतात. ती एकेक पदर काढून सोडवली जाते. भांडणारे एकमेकांशी थेट न बोलता मध्यस्थाला उद्देशून बोलतात. संताप वाढला तर काही काळ मौन पाळले जाते. शेवटी ‘मिही’, म्हणजे कबुली आणि क्षमायाचना, आणि ‘काला’, म्हणजे मुक्त करणे, हे टप्पे येतात. क्षमा मागणारा आणि करणारा दोघेही बंधनातून सुटतात, अशी समजूत त्यामागे आहे.

शाळेत ही पद्धत जशीच्या तशी आणता येत नाही. ती मूळची कुटुंबाची आहे, तिच्यात प्रार्थनेला मध्यवर्ती स्थान आहे, आणि अमेरिकेतील सार्वजनिक शाळेला धार्मिक विधी करवून घेता येत नाही. शिवाय सहभागी होण्यास सर्वांची मनापासून तयारी लागते. शिक्षा म्हणून ती लादली तर तिचा अर्थच नाहीसा होतो. म्हणून विचारी शिक्षक तिच्यातील काही तत्त्वे तेवढी घेतात. आधी थांबावे, मग एका वेळी एकच पदर उलगडावा, मध्यस्थाकडे पाहून बोलावे आणि मिटलेला विषय पुन्हा उकरून काढू नये, ही ती तत्त्वे होत. शिक्षकांच्या बैठकीतही ती लागू करावी लागतात. मुलांना समेट शिकवणारे शिक्षक आपापसांत अबोला धरून असतील, तर मुलांच्या ते तत्काळ लक्षात येते.

होडीवरील माणसे

सहकार्याचे उदाहरण म्हणून हवाईतील शाळांत होकुलेआ या होडीचे नाव हमखास घेतले जाते. प्राचीन धर्तीवर बांधलेली ही जोडहोडी १९७५ साली पाण्यात उतरली आणि १९७६ साली कोणत्याही उपकरणांवाचून, केवळ तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे, सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करून ताहितीला पोचली. मार्गदर्शक होते मायक्रोनेशियातील सातावाल बेटावरचे माऊ पिआइलुग. हा पराक्रम सर्वश्रुत आहे. त्या सफरीत खलाशांमध्ये तीव्र भांडणे झाली हे मात्र कमी सांगितले जाते. त्यांना कंटाळून पिआइलुग परतीच्या प्रवासात सामील न होता घरी निघून गेले. १९७८ साली दुसऱ्या सफरीच्या आरंभीच होडी वादळी समुद्रात उलटली आणि मदत आणण्यासाठी निघालेला तरुण खलाशी एडी आइकाऊ कायमचा नाहीसा झाला. त्यानंतर पिआइलुग पुन्हा आले, त्यांनी नाइनोआ थॉम्पसन यांना शिकवले, आणि १९८० साली थॉम्पसन यांच्या मार्गदर्शनाखाली होडी ताहितीला जाऊन परत आली. ऐक्य हे प्रवासाच्या सुरुवातीला तयार मिळत नाही, हे मुलांना आणि शिक्षकांना सांगण्यासाठी या इतिहासाइतका प्रामाणिक पाठ दुसरा नसेल.

मर्यादा आणि कसोटी

या प्रयत्नापुढील अडचणींकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांपैकी मूळ हवाई वंशाची मुले सुमारे पाव आहेत. इतरांचे पूर्वज जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगाल अशा अनेक देशांतून आले. मूळ हवाई शिक्षकांचे प्रमाण मात्र त्या मानाने कमी आहे आणि मुख्य भूमीवरून आलेले पुष्कळ शिक्षक थोड्याच वर्षांत परत जातात. ज्याने भाषा ऐकलेली नाही त्याने तिच्यातील शब्दांची व्याख्या सांगावी, यात वरवरपणाचा धोका आहे. भाषेचा ऱ्हास ज्या शाळेने घडवला तिनेच चार-सहा शब्द शोभेसाठी परत घ्यावेत, हे काहींना खटकते आणि ते खटकणे रास्त आहे. लाउलिमाच्या नावाखाली शिक्षकांवर जादा काम लादणे, किंवा अलोहाच्या नावाखाली विद्यार्थ्याची तक्रार दडपणे, हा तर मूल्यांचा विपर्यासच होय.

दुसरा धोका सरसकटीकरणाचा. वर उल्लेखिलेल्या वाचन प्रकल्पाची पद्धत पुढे नवाहो जमातीच्या शाळेत नेली, तेव्हा तेथील मुलांच्या गटांची रचना बदलावी लागली. हवाईत मुलगे-मुली मिळून चार-पाच जणांचे गट उत्तम चालत, नवाहो मुलांना त्याहून लहान आणि मुलगे-मुली वेगळे असलेले गट मानवले. एका समाजाची मूल्ये दुसऱ्या समाजाला जशीच्या तशी देता येत नाहीत. घेण्यासारखी असते ती पद्धत: मुलाच्या घरी कोणता आचार आहे हे आधी पाहावे आणि मग वर्गाची मांडणी करावी.

२०१५ साली हवाईच्या शिक्षण मंडळाने या प्रयत्नांना धोरणाचे रूप दिले. संपूर्ण राज्याचा एकच शैक्षणिक जिल्हा असल्यामुळे ते सर्वत्र लागू झाले. त्याचे संक्षिप्त नाव ‘हा’ असे असून हवाई भाषेत त्याचा अर्थ श्वास असा होतो. आपलेपणाची भावना, जबाबदारी, उत्कृष्टता, अलोहा, सर्वांगीण स्वास्थ्य आणि हवाईविषयीची जाण या सहा गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. विशेष असे, की त्या विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित नाहीत. शिक्षक आणि अधिकारी यांच्याकडूनही त्यांची अपेक्षा केली आहे.

हीच तरतूद शिक्षकगटाच्या कामाची खरी कसोटी ठरते. तेरा वर्षांचे मूल मोठ्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या परस्परसंबंधांकडे अधिक बारकाईने पाहते. आपल्या चार शिक्षकांपैकी एक आजारी पडला तर दुसरा त्याचा वर्ग कुरकुर न करता घेतो काय, दोघांचे मत भिन्न असले तर ते एकमेकांचे ऐकून घेतात काय, खाचरात उतरण्याची वेळ आली तर चिखलात प्रथम कोणाचे पाय पडतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. लाउलिमा या शब्दाचा अर्थ त्याला तेथे समजतो, आणि तो शब्द पुढे कोणी न उच्चारला तरी त्याच्याजवळ राहतो.